बोळातल्या गाड्या

बायना गेल्याचं मला कळलं तो आमच्या पिंगळीच्या बाजाराचा दिवस होता. चारठाण्याहून तिचा धाकटा भाऊ सटवाजी गाडी घेऊन आला. गाडी त्याने बाहेर सडकेवरच सोडली, कारण आमच्या बोळात आधीच कोणा परक्याची गाडी उभी होती. तो चालत आत आला, उंबऱ्यावर बसला आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मी काय ते समजलो.

"गावात पटकी आली, दाजी," तो म्हणाला. "अक्का परवाच गेली. थांबता आलं न्हाई. तिथंच उरकावं लागलं."

बायना आईला बघायला माहेरी गेली होती. मी स्टेशनच्या मालधक्क्यावर कापूस तोलणारा मापाडी. हंगामात मला निघता येत नाही, म्हणून ती एकटी गेली होती. आम्हाला मूलबाळ नाही.

सटवाजी रडत होता आणि मी त्याच्या पागोट्याकडे बघत होतो. तेवढ्यात दारात एक गाडीवान येऊन उभा राहिला.

"मामा, माजी शिवळ द्या. चुकी झाली. पुन्हा न्हाई सोडनार इथं गाडी."

हे आधी सांगायला हवं. आमची तीन घरं एका बोळात आहेत. माझं, शेजारच्या कडूबाईचं आणि टोकाला गोविंदरावांचं. बोळ तिघांचा सामाईक. तोंडाशी मोठा कडुनिंब आहे आणि स्टेशन जवळ, त्यामुळे कापसाच्या दिवसांत येणारा-जाणारा गाडीवान सावली बघून तिथे गाडी सोडतो, बैल पाण्यावर नेतो आणि निघून जातो. मग आम्हाला ना घागर घेऊन बाहेर पडता येतं, ना गोविंदरावांची म्हैस आत येते. काटे टाकून झाले, दगड रचून झाले. लोक दगड बाजूला करून गाडी सोडायचे. काही तर तेच दगड चाकाला लावायचे.

शेवटी बायनाने आपला उपाय काढला. जुवाच्या टोकाला, बैलाच्या मानेबाहेर जी लाकडी खुंटी असते ती शिवळ. ती नसली तर बैल जुंपता येत नाही. गाडी दिसली की बायना भाकरी थापता थापता उठायची, पिठाच्या हातानेच एक शिवळ उपसायची आणि आमच्या दाराजवळच्या कोनाड्यात आणून ठेवायची. मालकाला दारात यावंच लागायचं. आला की ती त्याला मनसोक्त बोलायची, मग तांब्याभर पाणी द्यायची आणि शिवळ परत करायची. बोलणी खाल्लेला माणूस सहसा पुन्हा गाडी सोडत नसे. पण नवे लोक येतच राहायचे.

"कोणती शिवळ?" मी त्या गाडीवानाला विचारलं.

"तुमच्या घरच्या बाईनं नेली की. मी बैल घेऊन जायलो होतो. वळून बगितलं तर बाई ह्याच दारात शिरायल्या. म्हनल्या, घरी येऊन माग."

"कधी?"

"आत्ता, सकाळच्या पारी."

मी उठलो. कोनाड्यात शिवळ होती. तिच्यावर पिठाची बोटं उमटलेली होती. बायना माहेरी गेल्यापासून मी कडूबाईकडे जेवत होतो. आमच्या घरात पीठ मळलेलं नव्हतं.

सटवाजीचं रडणं थांबलं. मी शिवळ त्या माणसाच्या हातात दिली. त्याने पिठाकडे बघितलं, धोतराला पुसलं आणि गेला.  दहाव्याला सटवाजी पुन्हा आला तेव्हा त्याने आधी कोनाड्यात बघितलं.

तेरावं उरकल्यावर आलेल्या बाजाराला मी घराला कुलूप लावून मालधक्क्यावर गेलो. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली होती. दुपारी परत आलो तर पेडगावचा भुजंग नावाचा शेतकरी माझ्या ओट्यावर बसला होता.

"लय वाट बगायला लावली," तो म्हणाला. "कुलूप लावून कुटं गेल्या तुमच्या मालकीनबाई? शिवळ घेऊन आत गेल्या अन् बाहेर आल्याच न्हाईत."

"कुलूप असताना आत कशी जाईल?"

"ते मला काय ठावं? मी लांबून बगितलं." तो हसला. "पर बाई तिखट हाय हो. म्हनती, तुज्या घरी बायकायच्या दारात अशीच गाडी सोडतोस का रे बाबा? का तुज्या घराला दारच न्हाई?"

ते बायनाचंच बोलणं होतं. "का तुज्या घराला दारच न्हाई" हे ती प्रत्येकाला म्हणायची आणि म्हणून झाल्यावर स्वतःच हसू दाबायची. भुजंगाने तिला जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मी कुलूप काढलं. शिवळ कोनाड्यात होती. भुजंगाला पाणी दिलं आणि विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"आनखी काय म्हननार? तेवडं कमी हाय का?"

त्यानंतर असंच होऊ लागलं. बाजाराच्या दिवशी परक्याची गाडी बोळात उभी राही आणि मग कोणीतरी दारात येऊन शिवळ मागे. कडूबाई दिवसभर तिच्या उंबऱ्यात ज्वारी निवडत बसलेली असायची. तिला बायना कधी दिसली नाही. तिला फक्त आवाज यायचा, सुकं लाकूड भोकातून उपसताना होतो तसा. ती वर बघायची तर जुवाजवळ कोणी नाही आणि शिवळही नाही. बायना फक्त परक्यांना दिसत होती. ज्याने गाडी सोडली त्यालाच, तेही पाठमोरी; बोलणं मात्र त्याला स्पष्ट ऐकू यायचं.

मी भ्यालो नाही असं म्हणणार नाही. कुलपात किल्ली घालताना माझा हात थांबायचा. पण बाजाराची वाटही मीच बघत होतो. गाडी आली नाही की दिवस फुकट गेल्यासारखा वाटायचा. मी बोळातले उरलेले दगड उचलून टाकले. निंबाखाली झाडून ठेवू लागलो. कोणी आला की पाणी द्यायचो, गूळ द्यायचो आणि ती काय म्हणाली ते विचारायचो. बहुतेक जण शिव्याच सांगायचे. एक म्हातारा मात्र शिवळ घेऊन निघाला आणि पुन्हा वळला.

"विसरलोच. तुमी जेवलाव का, ते इचारायला सांगितलंय तिनं."

त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

गोविंदराव तहसील कचेरीत कारकून होते, आता पेन्शनीत आहेत. त्यांना हे पटत नव्हतं. दिवसही बरे नव्हते. रेल्वेतून कोण कुठला माणूस उतरेल आणि काय मनात घेऊन उतरेल, सांगता येत नव्हतं. लोक लवकर दारं लावून घेत होते. गोविंदरावांनी बोळाच्या तोंडाला फाटक बसवायचं ठरवलं. सुताराकडून सागवानी फाटक करून घेतलं आणि माझ्या भिंतीला टेकवून ठेवलं. खांबांचे खड्डेही खणून घेतले. पण रस्ता सामाईक, तिघांची रजामंदी हवी. कडूबाई लगेच हो म्हणाली. राहिलो मी.

"दिवाळीनंतर बघू," मी म्हणालो. दिवाळी झाली. "हंगाम उरकू द्या," मी म्हणालो.

"मुंजाजी, बोळ तुज्या एकट्याचा न्हाई," गोविंदराव तापले. "तू बाहेरच्याला पानी पाजतोस, गूळ चारतोस. धर्मशाळा काढलीस का इथं?"

"तिघांचा हाय म्हनूनच म्हनतो, रावसाहेब. माजी रजामंदी न्हाई."

"अरे, पन कारण तर सांग एखादं!"

मी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतंच. बाजाराच्या दिवशी ते स्वतः खिडकी लावून आत बसायचे.

मग एक दिवस कडूबाई आली. तिची सून सुमंगला पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते.

"भाऊजी, पोरगी बाजाराच्या दिवशी दाराबाहेर पाय टाकत न्हाई," ती म्हणाली. "तो आवाज तिलाबी येतो. काल म्हनली, आत्याबाई, ती बाई माजंबी काई घेऊन जाईल का? मी काय सांगू तिला?"

"बायना कोणाचं काही नेत नव्हती. परत द्यायची."

"मला ठावं हाय. बायना माजी बहीनच होती. पर पोरीनं तिला कुटं बगितलंय?" कडूबाईने डोळ्याला पदर लावला. "तुमी गाड्या येऊ देताव, म्हनून ती येती. फाटक लागू द्या, भाऊजी. तिला जाऊ द्या."

 फाटक लागलं की गाड्या येणार नाहीत. गाड्या आल्या नाहीत की शिवळी नाहीत, दारात कोणी येणार नाही, आणि बायना काय म्हणाली ते मला कोणी सांगणार नाही. पण सुमंगलेचं पोट माझ्या डोळ्यासमोर होतं.

"येता बाजार जाऊ द्या," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशी बसवा फाटक."

त्या बाजाराला सटवाजी कापूस घेऊन येणार होता. कापूस उतरल्यावर मी त्याला म्हणालो, "तुझी गाडी मला दे."

"कशाला, दाजी?"

"बोळात सोडायचीय."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि कासरा माझ्या हातात दिला.

मी परक्यासारखी गाडी आणली. निंबाखाली, बरोबर वाट अडेल अशी सोडली. जू खाली टेकवलं, दोन्ही शिवळी भोकात नीट बसवल्या. घराला कुलूप होतंच. बैल घेऊन निघालो. परके वळून बघतात तसं मीही निंबापासून थोडं पुढे गेल्यावर वळून बघितलं. मला कोणी दिसलं नाही. ऊन होतं, गाडी होती, कडूबाईच्या दारातलं सूप होतं. पण तो आवाज आला. सुक्या लाकडाचा.

मी धावलो नाही. तिच्या पद्धतीत मालकाने दारात येऊन मागायचं असतं. बैल स्टेशनजवळ सटवाजीच्या हवाली केले, थोडा वेळ बसलो आणि मग परत आलो. डाव्या बाजूची शिवळ नव्हती.

मी माझ्याच ओट्यावर, बंद दारासमोर उभा राहिलो.

"बाई," मी म्हणालो, "शिवळ द्या. चुकी झाली."

आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. हळूहळू, तिच्या हाताला सवय होती तसा. मी ऐकत राहिलो. कुलूप काढलं तर तो थांबेल हे मला कळत होतं. न काढलं तर मी तिथेच उभा राहिलो असतो.

"मी जेवलो न्हाई," मी म्हणालो. मग कुलूप काढलं.

आवाज थांबला. चूल थंड होती, पीठ मळायची काथवट उपडी होती. मी कोनाड्यात हात घातला. पीठ हाताला लागलं. शिवळ नव्हती.

सटवाजी आला तेव्हा मी घरभर शोधत होतो. उतरंडीमागे, माळ्यावर, तिच्या लुगड्यांच्या गाठोड्यात. त्यानेही शोधलं. मग तो बाहेर गेला, निंबाची फांदी तोडून तासली आणि भोकात ठोकली.

"ऱ्हाऊ द्या, दाजी," तो म्हणाला. "तिच्याजवळच ऱ्हाऊ द्या ती." आणि दिवस असतानाच चारठाण्याच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. गोविंदराव आणि कडूबाई बाहेर उभे होते. मी झालं ते सांगितलं आणि म्हणालो, "माझा शब्द मोडत नाही. बसवा फाटक."

गोविंदराव खड्ड्यांकडे बघत राहिले. मग कचेरीत बोलायचे तसे बोलले.

"वस्तू तिच्याकडं अमानत हाय, ठेव हाय. गाडीवाल्याची शिवळ घरात असताना रस्ता बंद करता येत न्हाई. परत होऊ दे आधी."

"रावसाहेब, दिवस वाईट हायत म्हनत होतात," सुतार म्हणाला.

"हायतच. तू घरी जा."

कडूबाईने सुनेला त्याच दिवशी तिच्या माहेरी, पेडगावला धाडून दिलं. तिथे तिला मुलगी झाली. परके अजून गाड्या सोडतात, पण आता कोणाची शिवळ जात नाही. कोणी माझ्या दारात येत नाही. मीच रोज ओट्यावर उभा राहून मागतो आणि मग कुलूप काढतो.

शिवळ अजून मिळालेली नाही. फाटक भिंतीला टेकून आहे, ते बसवायचं राहिलं आहे.