पालापाचोळ्याची आई

ऑक्टोबर लागला आणि इर्मानं अंगणात बारा फुटी हाडांचा सापळा उभा केला. विकतचा, प्लास्टिकचा. अंधार पडला की त्याचे डोळे निळे पेटतात आणि दर पंधरा मिनिटांनी तो खदाखदा हसतो. भुतानं हसू नये असं माझं म्हणणं नाही. पण बॅटरीवर हसू नये.

इर्मा माझी धाकटी बहीण. समोरच राहते. मधला रस्ता इतका अरुंद की तिनं कांदा चिरला तर माझ्या डोळ्यांना पाणी यावं. तरी गेली दोन वर्षं आम्ही एकमेकींशी अवाक्षर बोललो नव्हतो.

कारण ऐकून लोक हसतात, म्हणून मी सहसा सांगत नाही. आई गेली तेव्हा तिला शवपेटीत निळा ड्रेस घातला, केस विंचरले, आणि इर्मानं पर्समधून आईचा चष्मा काढला. म्हणाली, "हा घाला तिला."

मी म्हटलं, "झोपताना कुणी चष्मा घालतं का?"

"आई झोपलेली नाहीये, व्हर्ना."

"मग? तिकडे काय पेपर वाचत बसणार आहे?"

अंत्यविधीचं काम करणारा बिचारा माणूस हातात कंगवा घेऊन आमच्यामध्ये उभा होता. मी थोरली, माझंच चाललं. चष्मा परत इर्माच्या पर्समध्ये गेला आणि तिनं पर्सची चेन अशी ओढली की मागच्या रांगेतल्या बहिऱ्या काकांनीसुद्धा मान वर केली. त्या दिवसापासून सगळं बंद.

खरं सांगू? महिन्याभरातच मला कळलं होतं की चुकलं माझं. चष्म्याशिवाय आईला मीठ कुठलं आणि साखर कुठली कळत नसे. एकदा चष्मा न घालता दार उघडून तिनं फादरना पोस्टमन समजून विजेचं बिल परत दिलं होतं. अशा बाईला मी तशीच पुढे धाडली. पण हे रस्ता ओलांडून इर्माला कोण सांगणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आमच्या घरात पीळ सगळ्यांना सारखा वाटून दिलेला आहे.

तर सापळा. हॅलोविनला आमच्या गावात पोरं भुतांचे वेश करून दारोदार खाऊ मागत फिरतात; दारापुढे काहीच मांडलं नाही, तर पोरं समजतात की या घरात माणूस नाही किंवा आहे पण खडूस आहे, आणि पुढच्या दारी जातात. हे घर आईचं. तिच्या दारावरून एक पोर कधी तसंच गेलं नाही. दरसाल ती व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत मांडीवर चॉकलेटांचं घमेलं घेऊन बसायची आणि प्रत्येकाला दरडावायची, "एकच! बघतेय हं मी." मग पोर पायऱ्या उतरून गेलं की त्याला परत बोलावून स्वतःच मूठभर द्यायची. आई गेल्यापासून दोन हॅलोविन मी दिवाही लावला नव्हता. यंदा म्हटलं, बस झालं. पण विकतचं काही आणायचं नाही. मी चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांना जेवू घातलंय. कुठल्या खोक्याचं काय होऊ शकतं हे मला दुकानदारानं शिकवू नये.

दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन धुऊन त्यांच्यावर काळ्या पेननं डोळे आणि वासलेली तोंडं काढली, आत नाताळच्या दिव्यांची माळ सोडली. झाली भुतं. पायरीला एक एक. अंड्यांचे पुठ्ठे कापून काळे रंगवले, ती वटवाघळं. जुना जाळीचा पडदा चहाच्या पाण्यात बुडवून हातानं फाडफाडून ताणला, ते कोळ्याचं जाळं. दिव्याला नारिंगी कागद गुंडाळला. माझा नवरा गस हे बघून म्हणाला, "व्हर्ना, तू याच्यावर काहीच खर्च केलेला नाहीस हे लांबूनही कळतंय." मी ते कौतुक समजून घेतलं.

मग खुर्चीत बसवायला एक बुजगावणं हवं होतं. दारामागे आईचा फुलाफुलांचा गाऊन दोन वर्षं टांगलेला होता. तो फाडायचा नव्हता, फक्त भरायचा होता. मेपलचा पाचोळा परसात ढिगानं पडलेला. गाऊनच्या बाह्या शिवून आत पाचोळा कोंबला, लांब मोज्यांत रद्दी भरून पाय केले, भांडी घासायच्या रबरी हातमोज्यांचे हात. डोकं म्हणजे दुधाचाच कॅन, वर पांढरा मोजा ताणून, आणि केसांना फरशी पुसायच्या मॉपची पांढरी सुतं. मला चेटकीण करायची होती, देवाशपथ. खुर्चीत बसवून चार पावलं मागे सरले आणि बघितलं. खुर्चीत आई बसली होती.

संध्याकाळी गस बाहेरून आला. पायरीवर थबकला, टोपी काढली आणि तोंडातली सिगारेट थेट कोटाच्या खिशात घातली.

"आई, ही शेवटचीच होती," तो म्हणाला.

"गस, ते बुजगावणं आहे."

"माहीत आहे मला," तो म्हणाला, आणि त्याच्या खिशातून धूर यायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गल्लीलाच खूळ लागलं. पोस्टमन पत्रं माझ्या हातात न देता तिच्या मांडीवर ठेवायचा. कोपऱ्यावरची मिसेस डुडा जाता-येता गुडघेदुखीची तक्रार तिच्याजवळ करायची आणि थांबून उत्तराची वाटही बघायची. कुणीतरी तिच्या पायाशी भोपळ्याचा केक ठेवून गेलं. तो मी खाल्ला. गसनं व्हरांड्यात सिगारेट ओढणं सोडलं. पंचवीस वर्षं मला जे जमलं नव्हतं ते पाचोळ्यानं करून दाखवलं.

समोरच्या घराचा पडदा मात्र दिवसातून दहादा हलत होता. तिसऱ्या दिवशी इर्माचा नवरा डेनी रस्ता ओलांडून आला. डेनी साधा माणूस, दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन वजन वाढवणारा.

"इर्मा म्हणते, लाज वाटायला हवी," तो म्हणाला. "आईचं भूत करून दारात बसवलंय म्हणे."

"तिला सांग, बोलायचं तर स्वतः येऊन बोल."

डेनी गेला. आला.

"इर्मा म्हणते, ती येणार नाही. आणि आई कधी गुडघे फाकवून बसत नसे."

मी बघितलं. खरंच होतं. गुडघे जवळ बांधले. अर्ध्या तासानं डेनी पुन्हा हजर, धापा टाकत.

"इर्मा म्हणते, आई रस्त्याकडे तोंड करून बसत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे मान वळवून बसायची, पातेलं उतू जातंय का ते ऐकत."

मान वळवली. मग सपाता उलटसुलट आहेत म्हणून आला, मग डाव्या बाहीत रुमाल खोचलेला नाही म्हणून आला. चौथ्या दिवशी तो आमच्या पायरीवर बसूनच राहिला.

"व्हर्ना, माझं वय झालंय," तो म्हणाला. "तुम्ही दोघी एक फोन का नाही करत?"

"तिनं आज काय सांगितलंय?"

"म्हणते, सगळं बरोबर आहे. तरी ती आई वाटत नाही."

काय कमी आहे ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. त्या कोऱ्या मोज्याच्या तोंडावर फक्त चष्मा नव्हता. आणि तो चष्मा कुणाच्या पर्समध्ये आहे हे तिलाही ठाऊक होतं. मी मागितला असता, तर तिनं दिला असता का? दोन वर्षं मी हाच विचार करत होते आणि तेवढंच माझ्यानं होत नव्हतं. मला माझी बहीण परत हवी होती, पण पहिलं पाऊल तिचं असावं असंही वाटत होतं. डेनीला मी केकचा उरलेला तुकडा देऊन परत धाडलं.

हॅलोविनच्या संध्याकाळी सहाला अग्निशमन दलाचा भोंगा झाला आणि पोरं रस्त्यावर सुटली. दुसरा भोंगा आठला होतो, मग ज्यानं त्यानं आपली दारं लावायची. मी घमेलं आईच्या मांडीवर ठेवलं आणि दाराशी उभी राहिले. पोरं आली, खूप आली. दुधाच्या भुतांशी बोलली, वटवाघळं ओढून बघितली, आणि बुजगावण्याजवळ आल्यावर मात्र गुपचूप एकेकच चॉकलेट उचललं. समोरचा सापळा हसत होता, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. वाईट आहे, पण मला फार बरं वाटलं.

सातच्या सुमारास गसनं आतून हाक मारली. चॉकलेटांची दुसरी पिशवी म्हणे सापडत नाहीये. मी आत गेले. पिशवी टेबलावर त्याच्या नाकासमोर होती.

"आंधळा आहेस का?"

"अगं, वरचं कपाटही बघून घे, आणखी एक असेल," तो म्हणाला. मी कपाट बघितलं, कोठीही बघितली. दहा मिनिटं गेली. कुठेच काही नव्हतं.

बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले. खुर्चीत आई बसली होती आणि तिच्या डोळ्यांवर चष्मा होता. तोच, तपकिरी काड्यांचा, डाव्या बिजागरीला दोरा गुंडाळलेला.

म्हणजे इर्मा येऊन गेली. मी आत असताना रस्ता ओलांडून आली, चष्मा ठेवला आणि एक शब्द न बोलता परत गेली. नारिंगी उजेडात त्या काचा चमकत होत्या, मला तिकडे बघवेना. मी पायरीवर बसले, खुर्चीकडे पाठ करून.

"आई, चुकलं माझं," मी म्हटलं. "चष्मा घालायला हवा होता तुला. इर्माचं बरोबर होतं. मी थोरलेपणाचा तोरा मिरवला. तिच्याशिवाय मला करमत नाही गं. रोज रात्री तिच्या घरातला दिवा मालवेपर्यंत मी खिडकीत बसते. पण तिला सांगू नकोस हं, डोक्यावर बसेल."

"सांगायला कशाला हवं?" मागून आवाज आला.

मी जी किंचाळले ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चपर्यंत ऐकू गेली असणार. पायऱ्यांवरून सरळ खाली, दुधाच्या तीन भुतांवर. फाटकाशी उभ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणालं, "आजी, परत एकदा करा ना!"

खुर्चीतल्या आईनं रबरी हातमोजा उचलला आणि तोंडावरचा मोजा वर सारला. आत इर्मा. मॉपची सुतं तिच्या तोंडात गेली होती, ती थुंकत होती.

"तुला घाबरवायलाच आले होते," ती म्हणाली. "सोडायचंच नाही तुला, असं ठरवून आले होते. आणि तू मेली रडत काय बसलीस!"

"चोरून ऐकलंस!"

"तू माझ्या तोंडावर बोललीस!"

"आणि आई कुठाय?"

"आमच्या सोफ्यावर. तू कपाटं धुंडाळत होतीस तेव्हा गस आणि डेनीनं आमच्या मागच्या दारानं नेली. हा गाऊन तसलाच माझा, मॉप आणि हातमोजेही आमच्या घरचे."

मी उठून समोर बघितलं. तिच्या खिडकीत डेनी ताठ बसला होता, हात मांडीवर, शेजारी बुजगावणं. टीव्ही बंद.

"लावायची हिंमत होत नाहीये त्याची," इर्मा म्हणाली.

मी हसायला लागले, तीही हसायला लागली, आणि मग दोघींचंही ते हसणं राहिलं नाही. ती चष्म्याच्या खालून डोळे पुसत होती. म्हणाली, "इतके दिवस तो पर्समध्येच होता. वाटायचं, तू मागायला येशील."

"मला वाटायचं, तू द्यायला येशील."

"मूर्ख आहोत आपण."

"तू जास्त," मी म्हटलं.

तेवढ्यात मधमाशीच्या पोशाखातली एक चिमुरडी पायऱ्या चढून आली. इर्मानं झटकन मोजा खाली ओढला, मान स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळवली. पोरीनं इकडेतिकडे बघितलं आणि दोन्ही हात घमेल्यात घातले.

"एकच!" इर्मा म्हणाली. थेट आईचा आवाज. "बघतेय हं मी!"

पोरगी दचकली, एक ठेवून बाकीची सगळी परत टाकली, आणि पळत पायऱ्या उतरली. इर्मानं तिला हाक मारून परत बोलावलं आणि मूठभर चॉकलेटं पुढे केली. पण ती तिनं व्हरांड्याच्या खांबाला देऊ केली. आईच्या चष्म्यातून तिला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी तिचं मनगट धरलं आणि पोरीच्या पिशवीकडे वळवलं.