डेल्मरचं काळीज

हार्वेस्टरला ग्रीस भरून डेल्मर काउट्झ हात पुसायला स्वयंपाकघरात आला, तेव्हा भिंतीवर कागदी रुमालांचा गुंडाळा नव्हता. त्या जागी त्याचाच जुना बनियन फाडून खिळ्याला टांगला होता. वादाला तोंड तिथून फुटलं.

"ह्ये काय?"

"फडकं," त्याची बायको आर्लिस म्हणाली. "तुझ्या आईच्या घरात असायचं तसलंच."

आर्लिस माझी मावसबहीण, म्हणून या गोष्टीतलं घराच्या आतलं मला ठाऊक आहे. बाहेरचं तर सगळ्या एल्बर्ग गावाला ठाऊक आहे, असं एल्बर्गला वाटतं.

कुणाचं देणं त्यांच्या डोक्यावर नव्हतं, आणि आर्लिसला ते होऊही द्यायचं नव्हतं. पण गव्हाचा भाव सलग तिसऱ्या साली बसला होता आणि पेरणीच्या ऐन तोंडावर ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स गेला होता. जुलैपासून तिने घरातली खरेदी आवळली. ज्याच्यावाचून अडत नाही ते आणायचं नाही. बेकरीचा पाव बंद झाला, ती घरी भाजू लागली. सोड्याचे डबे बंद झाले, टीव्हीवरची खेळांची जादा चॅनेलं गेली. दर गुरुवारी लॅव्हॉनकडे जाऊन ती केस बसवून घ्यायची, बावीस वर्षांची रीत. तीही तिने मोडली, आणि लॅव्हॉनला तोंडावर सांगून मोडली, "परवडत न्हाई गं यंदा. आता येनार न्हाई."

राहिली होती डेल्मरची कॉफी.

"एक कप कॉफी," डेल्मर म्हणाला. "तेवढ्यानं घर बुडतंय व्हय?"

"एक कप? तुझा एक, गॉर्डीचा एक, ऑर्व्हिलकाकांचा, आन् टेबलावरच्या आनखी चौघांचा. वर सात गोड रोल. सोमवारी हरलास. बुधवारी हरलास. काल काय झालं?"

डेल्मर फडक्याला हात पुसत राहिला.

"काल काय झालं, डेल्मर?"

"हरलो."

आमच्याकडे जिनेटच्या हॉटेलात सकाळी सातला कातडी पेल्यात पाच फासे खुळखुळवतात. हरला त्याने सगळ्या टेबलाचं बिल द्यायचं. वर्षाच्या शेवटी सगळ्यांचं सारखंच होतं असं सगळे म्हणतात. डेल्मरचं सारखं कधी होत नसे.

"सांग त्यास्नी. म्हनावं, यंदा जरा हात आखडलाय," आर्लिस म्हणाली. "म्या न्हाई का सांगितलं लॅव्हॉनला?"

"बाईमानसाचं येगळं असतंय."

"काय येगळं असतंय?"

काय वेगळं असतं ते मला सांगता येईल. आमच्या गावात क्लॅरेन्स फिशर नावाचा एक शेतकरी होता. एका मंदीच्या साली त्याने फासे टाकायचं सोडलं आणि खिशातून चहाची पुडी आणून तेव्हा हॉटेल चालवणाऱ्या जिनेटच्या सासूकडे नुसतं गरम पाणी मागितलं. दोन-तीन महिनेच. पुढे त्याने शाळेला जमीन दिली, चर्चला घंटा दिली. तो मेला त्याला एकोणीस वर्षं झाली. आजही त्याचा नातू दुकानात शिरला की माणसं म्हणतात, हा पुडीवाल्या क्लॅरेन्सचा.

डेल्मरने जिनेटकडे जायचं सोडलं, पण कारण कुणाला सांगितलं नाही. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी डिझेलच्या पंपावर गॉर्डी बेंडरने त्याला गाठलं. गॉर्डीचं तोंड म्हणजे फुटका पाट, पाणी कुठल्या वावरात शिरेल याचा नेम नाही.

"काय रं, रुसलास का काय आमच्यावर? का फाशांस्नी भ्यालास?"

"तसं काय न्हाई."

"मग? आर्लिसनं कोंडून घातलाय व्हय तुला? का पुडी शोधतुयास?"

पंपावर आणखी दोघे उभे होते. ते हसले. डेल्मरने नळी जागेवर अडकवली.

"डॉक्टरनं कॉफी बंद केलीया," तो म्हणाला.

"कशापायी?"

"जरा काळजाचं हाय."

गॉर्डीने डोक्यावरची टोपी काढली. गॉर्डी बेंडर प्रेतासमोरच टोपी काढतो. डेल्मरला तिथल्या तिथे बोलणं मागे घेता आलं असतं. तो पिकअपमध्ये बसला आणि घरी आला.

संध्याकाळच्या आत दारात तीन हॉटडिश आल्या. बटाटे, खिमा आणि चीज भट्टीत भाजून केलेल्या त्या मोठाल्या परातींवाचून आमच्याकडे ना मयत होत ना आजारपण. परातीच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. आर्लिसने तिन्ही नावं वाचली आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याने सांगितलं तेव्हा ती खुर्चीवर बसली.

"जा आन् सांग, खोटं बोललो म्हनून."

"सांगतो की. उद्या."

"आज जा."

"आर्लिस, आता कसं सांगू? टोपी काढली गं त्यानं."

दुसऱ्या दिवशी आणखी चार पराती आल्या. रिकामी परात परत करायची रीत नाही, म्हणून आर्लिस लोणी-साखर आणून केक भाजत बसली. महिन्याची बचत चार दिवसांत परातींत गेली. गुरुवारी लॅव्हॉन स्वतः गाडी घेऊन आली, तिला ओढून दुकानात नेलं आणि फुकट केस बसवले. "परवडत न्हाई म्हनालीस तवा म्या समजायला पायजे हुतं," लॅव्हॉन डोळे पुसत म्हणाली. "दवाखान्यासाठी जमवतीयास. आन् म्या मेली मनात म्हनले, काय चिकट बाई हाय." आर्लिस खरं बोलली होती. नवऱ्याच्या खोट्याने तिचं खरंही खोटं करून टाकलं. केस वाळवायच्या टोपाखाली ती मान खाली घालून बसली होती, आणि बाकीच्या बायकांना वाटलं, ती रडतेय.

घरी येऊन ती डेल्मरला म्हणाली, "आता तू न्हाई सांगितलंस, तर रविवारी चर्चमध्ये उभी ऱ्हाऊन म्या सांगनार."

"शनिवारपर्यंत दम धर."

शनिवारी तो गहू कापत होता. त्याचं दोन दिवसांचं काम उरलं होतं. मंगळवारी पाऊस सांगितला होता. संध्याकाळी दमून आला, जेवला आणि झोपला.

रविवारी ती दोघं चर्चला गेली, तर निम्मी बाकं रिकामी. पुरुष नव्हतेच. प्रार्थना संपायच्या आत तिने डेल्मरचा हात धरून त्याला बाहेर आणलं. घराच्या वळणावर आले तेव्हा रस्त्यावर धूळ उभी होती, आणि धुळीत एकामागे एक आठ हार्वेस्टर. शेवटून दुसरा माझा. पुढे कॉफीच्या टेबलावरचा ऑर्व्हिल ट्विट, वय अठ्ठ्याहत्तर, छातीत चार वर्षांपासून पेसमेकर बसवलेला. माणूस पडला की शेजाऱ्यांनी त्याचं रान काढून द्यायचं, ही इथली रीत. आपल्या रानात काय उभं आहे ते त्या दिवशी कुणी पाहत नाही. ऑर्व्हिलच्या घरालगत एकशे साठ एकर बन्सी, शेवयांचा गहू, पिकून वाळली होती. त्या दिवशी तो तीच काढणार होता.

डेल्मर गाडीतून उतरून धावला. धावताना त्याच्या लक्षात आलं आणि तो चालू लागला.

"ऑर्व्हिलकाका, थांबा. मला येक सांगायचंय."

"गप ऱ्हा. बोलू नगंस, दम लागंल."

"तसं न्हाई, माझं ऐका..."

"काय ऐकायचं हाय त्यात? म्या पडलो तवा तू न्हाई आलास? लॅव्हॉन, ह्याला सावलीत बसवा गं."

चर्च आटोपून मागोमाग आलेले पास्टर पुढे झाले. सगळ्यांनी टोप्या काढल्या. पास्टरनी देवाला सांगितलं की आमच्या या भावाचं काळीज दुरुस्त कर. डेल्मर त्या घोळक्याच्या मधोमध उभा होता. आर्लिस त्याच्याकडे पाहत होती. आत्ता बोल, आत्ता बोल, असं ती मनात म्हणत होती, मला तिने नंतर सांगितलं. मी म्हटलं, मग तूच का नाही बोललीस? ती म्हणाली, "नऊ मानसं उघड्या डोक्यानं उभी हुती रं. माझी जीभच उचलंना."

त्याच्याच धान्याच्या ट्रकच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर डेल्मरला बसवलं. मांडीवर पांघरूण टाकलं, ऑगस्टच्या उन्हात. त्याच्या हार्वेस्टरवर गॉर्डी चढला होता आणि वळणावर पातं फार खाली घेत होता. डेल्मर तीनदा उठायला गेला आणि तिन्ही वेळा लॅव्हॉनने त्याला खांदा दाबून बसवलं. नऊ यंत्रं तिरक्या रांगेत रानावरून गेली. भुसा उडाला, गव्हाचा गोड, कोरडा वास पसरला. दोन दिवसांचं काम चार तासांत झालं. बायकांनी पिकअपच्या फाळक्यावर जेवण मांडलं. माणसं हसत होती. गॉर्डी मला म्हणाला, "आयुष्यात येवढं चांगलं काम म्या कवा केलं न्हाई." तो चेष्टा करत नव्हता.

साडेचारला पश्चिमेला ढग दिसला, खालून हिरवट. मंगळवारचा पाऊस नव्हता तो. आम्ही यंत्रं पळवली. साडेपाचला दोन मैलांच्या पट्ट्यात गार पडली, बारा मिनिटं. माझं रान वाचलं, गॉर्डीचं वाचलं. डेल्मरचा गहू तर कणगीत होता.

सोमवारी सकाळी डेल्मर ऑर्व्हिलच्या बांधावर गेला. बन्सी उभी नव्हती. कुणी रूळ फिरवावा तशी ती चिखलात दाबली होती, ओंब्या फुटून दाणे मातीत गेले होते. ऑर्व्हिल एक ओंबी तळहातावर चोळत होता.

"काका," डेल्मर म्हणाला, "माझ्या काळजाला काय बी झालेलं न्हाई."

ऑर्व्हिल चोळत राहिला.

"आर्लिसनं खर्च कमी करायला घेतला. कॉफी सोडायची हुती. सांगायची लाज वाटली. गॉर्डीनं पुडीवरनं टोचलं, आन् तोंडातनं निघून गेलं."

"कॉफीपायी."

"व्हय."

कुठेतरी गारांचं पाणी रस्त्याखालच्या नळीतून वाहत होतं.

"मला शिव्या द्या," डेल्मर म्हणाला.

"काय व्हनार शिव्यांनी? बन्सी उभी ऱ्हाईल?"

"गारांचा विमा हाय न्हवं तुमचा? कायतरी भरून येईल."

ऑर्व्हिलने हातातला भुसा फुंकला. त्याने उत्तर दिलं ते रानाकडे बघत.

"यंदा सोडला. छत्तीस वर्सं भरला, येकदा बी गार पडली न्हाई. बायकू म्हनाली, घरातलं कायतरी कमी करा. मला वाटलं, ह्येच्याइतकं बिनकामाचं दुसरं काय हाय. तिला अजून सांगितलं न्हाई. कुनालाच न्हाई. पोरास्नी म्याच शिकवायचो, विम्याबिगर पेरनारा येडा म्हनून."

डेल्मरला बसावंसं वाटलं, पण बसायला कोरडी जागा नव्हती.

"माझा निम्मा गहू तुमच्या नावानं घालतो," तो म्हणाला. "आजच."

"आन् लोक इचारतील, विमा असताना डेल्मरचा गहू कशापायी? काय सांगू?"

"मग मी निदान माझं तरी सांगतो. आत्ता जातो जिनेटकडं."

"खबरदार." ऑर्व्हिल पहिल्यांदा त्याच्याकडे वळला. "नऊ मानसांनी रविवार दिलाय तुला. त्यो गॉर्डी, जन्मात कुनाच्या उपयोगी पडला न्हाई, काल रातच्याला फोन करून रडला माझ्याजवळ. त्येच्याकडनं काढून घेनार हाईस त्ये? आन् उद्या खरंच कुनी पडला, तर ह्येच लोक यंत्र काढायच्या आधी इचारतील, नक्की पडलाय न्हवं? तुझी लाज उतरवायला त्यो रिवाज मोडायचा?"

"मग मी काय करू?"

"आजारी ऱ्हा."

"किती दिस?"

"त्ये डॉक्टरला इचार," ऑर्व्हिल म्हणाला आणि घराकडे चालू लागला.

त्या आठवड्यात आम्ही सगळे गहू घालायला धान्याच्या कोठारावर रांगेत होतो. डेल्मरचा ट्रक माझ्या पुढे होता. ऑर्व्हिल रिकाम्या हाताने आला होता, नुसता गप्पांना. गॉर्डीने ओरडून विचारलं, "ऑर्व्हिलकाका, विमेवाला येऊन गेला का?"

"येऊन गेला," ऑर्व्हिल म्हणाला. "चांगला मानूस हाय."

"भरून देतील न्हवं?"

"देतील की."

मग गॉर्डी डेल्मरकडे वळला. "आन् तुझं कसं हाय?"

"हाय बरा," डेल्मर म्हणाला.

वजनाची पावती घ्यायला वर ऑफिसात जायचं होतं. लोखंडी जिना, चौदा पायऱ्या. अठ्ठावन्न वर्षांचा डेल्मर उड्या मारत वर जाणारा माणूस. तो पहिल्या पायरीपाशी आला, तेवढ्यात ऑर्व्हिल रांग सोडून पुढे झाला आणि त्याने त्याचा दंड धरला. "हळू," तो म्हणाला. सगळी रांग पाहत होती. दर दोन पायऱ्यांवर ते दोघे थांबत होते. वरच्या वळणावर ऑर्व्हिलला धाप लागली, आणि डेल्मर, दम आपल्यालाच लागल्यासारखा, कठड्याला धरून, मान खाली घालून, ऑर्व्हिलचा श्वास परत येईपर्यंत उभा राहिला.