चुकीच्या धड्याला पोहोचलेली पुस्तकगाडी

मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला ऐकावीशी वाटेल की नाही, याची मला खात्री नाही. गाड्यांच्या गोष्टीत वेग असतो, दूरची गावे असतात. मी तर गारखेड्यातल्या एका शाळेची जुनी पुस्तकगाडी आहे. ग्रंथालयापासून पाचवीच्या वर्गापर्यंत चाळीस पावले, हाच माझा सर्वांत लांबचा प्रवास. पण त्या चाळीस पावलांत एकदा काय जीव टांगणीला लागला होता, ते सांगून पाहते.

मला मोतीरामने बनवले. तो वाळूजच्या एका कारखान्यात वेल्डिंग करायचा आणि त्याची मुलगी रूपा या शाळेत शिकायची. सुट्टीच्या दिवशी घरामागे बसून त्याने लोखंडी पट्ट्या जोडल्या, तीन फळ्या बसवल्या, चार चाके लावली आणि हिरवा रंग दिला. पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. मी वर्गात शिरले की मुले बाके सोडून धावत. पुढे तेव्हाचे ग्रंथपाल निवृत्त झाले, त्यांची जागा रिकामीच राहिली आणि मी कुणाचीच उरले नाही. कधी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहिले, कधी खिचडीच्या तांदळाची पोती. ओझ्याचे मला वाईट वाटत नसे. पुस्तकांच्या फळीवर तांदूळ सांडलेला दिसला की मात्र उगीच लाज वाटे.

तीन वर्षांपूर्वी रत्नमाला मॅडम अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून आल्या. अगदी हळू बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ओल्या फडक्याने मला पुसले. पण शाळेत ग्रंथालय म्हणजे, ज्या वर्गाचे शिक्षक रजेवर तो वर्ग गप्प बसवायची जागा, असाच समज होता. शिक्षक काय शिकवतात हे मॅडमना कळत नसे आणि कपाटात काय आहे हे शिक्षकांना.

या वर्षी जुलैत मुख्याध्यापिका शैला मॅडमनी त्यांना कार्यालयात बोलावले. मी दाराबाहेर गठ्ठे घेऊन उभी होते, म्हणून सगळे ऐकले. दिवाळीनंतर ग्रंथालयाच्या खोलीत शिष्यवृत्तीचा वर्ग भरणार होता. कपाटे कुलूप लावून जिन्याखाली जाणार होती आणि रत्नमाला मॅडमनी कार्यालयात ऑनलाइन माहिती भरत बसायचे होते. शैला मॅडम मनाने वाईट नव्हत्या. खोल्या खरोखरच कमी पडत होत्या. रत्नमाला मॅडमनी कशीबशी एक संधी मागितली: एक वर्ग, एक घटक, एवढेच पाहा.

"ठीक आहे," शैला मॅडम म्हणाल्या. "सप्टेंबरचा दुसरा सोमवार, पाचवीचा परिसर अभ्यास. मी मागच्या बाकावर बसेन. फरक दिसला नाही, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

त्याच्या आदल्या सोमवारी आम्ही तालीम म्हणून निघालो. मॅडमनी पाठ्यपुस्तकातले धडे मोजले होते आणि या आठवड्यात 'माती' चालू असणार, असा अंदाज बांधला होता. मातीवरची तीस पुस्तके घेऊन मी पाचवीच्या दारात शिरले. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'पाणी'.

शहरात नऊ दिवस नळाला पाणी नव्हते. मुलांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता, म्हणून पाचवीच्या अभय सरांनी तो धडा आधीच घेतला होता. कोणत्या दिवशी काय शिकवायचे हे शिक्षक ज्या वहीत लिहितात, त्या टाचणात त्यांनी तसे लिहिलेही होते. पण टाचणाची वही फक्त मुख्याध्यापिकांच्या टेबलावर जाते.

"मॅडम, गाडी चुकली तुमची," सर हसून म्हणाले. "ही माती पुढच्या महिन्यात आणा."

वर्ग खदखदून हसला. मॅडमनी मला तशीच वळवली.

बाहेर शिपाई सांडूमामा उभे होते. "अंदाजानं कशाला जायचं मॅडम? लग्नाला जाताना बी आदी मांडव कुठंय ते इचारतेत. सरांलाच इचारा की."

मधल्या सुट्टीत त्या मला ढकलत शिक्षकांच्या खोलीत गेल्या. माझे तिथे काहीच काम नव्हते. धरायला काहीतरी हवे म्हणून त्यांनी मला नेले असावे. त्यांनी सरांकडे टाचण पाहायला मागितले आणि सगळ्यांचे डबे थांबले.

"टाचण मोठ्या मॅडम तपासतात," अभय सर म्हणाले. "आता ग्रंथालयही तपासणार का?"

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसले. मला वाटले, झाले, आता आम्ही परत फिरणार. पण माझ्या दांडीवरची पकड घट्ट झाली.

"तपासायला नको, सर. मी अंदाज केला आणि तो चुकला. सोमवारी पुन्हा चुकला तर खोली जाईल. वही नका दाखवू. मुलं कुठं अडतात, तेवढं सांगा."

सरांनी हातातला घास संपवला. मग त्यांनी डब्याचे झाकण लावले.

"दरवर्षी एकाच जागी अडतात. नळाच्या आधी पाणी कुठं असतं विचारलं की म्हणतात, टाकीत. टाकीच्या आधी? टँकरमध्ये. त्याच्या मागं कुणी जातच नाही."

एका कोऱ्या कागदावर, माझ्या वरच्या फळीवर, दोघांनी आठवडा आखायला घेतला. मित्रांनो, ते काही गोडीगुलाबीने झाले नाही. मॅडमनी तीस पुस्तके सुचवली, सरांनी बावीस खोडली. एवढी आणली तर मुले नुसती चित्रे बघत बसतील, असे त्यांचे म्हणणे. मॅडमचा चेहरा उतरला. पण शहराला पाणी पुरवणाऱ्या जुन्या नहरींवरचे एक पातळ पुस्तक त्यांनी खोडू दिले नाही. सरांना सगळे वर्गातच हवे होते, मॅडमना एक दिवस मुले ग्रंथालयात हवी होती. आठवडाभर रोज मधल्या सुट्टीत हा वाद चालला. शनिवारी कागद पूर्ण झाला, दोघांच्या अक्षरात.

सोमवारी शैला मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या. आठ पुस्तके घेऊन मी दारात. मुले बाकांवर. आणि अभय सरांचा पत्ता नाही.

सांडूमामा धावत आले. "सरांकडं नळ आलाय म्हनं. टाकी भरून येतेत."

शैला मॅडमनी घड्याळाकडे पाहिले. रत्नमाला मॅडम शिक्षिका नव्हत्या. त्यांनी कधी फळ्यापुढे उभे राहून शिकवले नव्हते. त्यांनी कागद उलगडला आणि सरांच्या अक्षरातला पहिला प्रश्न विचारला: टाकीच्या आधी पाणी कुठे असते? पुढच्या बाकावरच्या प्रणयने लगेच सांगितले, "टँकरमध्ये." मग त्यांनी पुस्तके वाटली. पाच जणांत एक. टँकरच्या मागे कोण जाते ते पाहू, म्हणाल्या.

सर आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. आता ते खडू मागून घेतील, असे मला वाटले. त्यांनी तो घेतला नाही. ते मुलांच्या एका गटात खाली बसले.

थोड्या वेळाने सावनी उभी राहिली. तिच्या हातात ते पातळ पुस्तक होते. डोंगराकडचे पाणी पूर्वी जमिनीखालच्या नहरींनी शहरात यायचे, असे तिने वाचून दाखवले आणि विचारले, "सर, मग ते पाणी आता कुठं जातं?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. शैला मॅडम पेन थांबवून बघत होत्या.

"मला माहीत नाही," अभय सर म्हणाले. मुख्याध्यापिकांसमोर. "मॅडम, तुम्हाला?"

"मलाही नाही," रत्नमाला मॅडम म्हणाल्या. "पण कुठं शोधायचं ते माहीत आहे. उद्या सगळे ग्रंथालयात या."

तास संपल्यावर शैला मॅडमनी दोघांना व्हरांड्यात थांबवले.

"खोली मार्चपर्यंत राहील. त्यापुढचं तेव्हा बघू. दर शनिवारी टाचण दोघांनी बसून लिहायचं. आणि नुसती पाचवी नको, सहावी-सातवीचंही दिसलं पाहिजे."

सहावीच्या बाई गेल्या शनिवारी आल्या. सातवीचे सर अजून वेळ नाही म्हणतात. मार्च काही फार लांब नाही आणि मला त्याची भीती वाटते, हे लपवत नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, तेल द्या, असे मी म्हणणार नाही. एकच मागते. तुमच्या शाळेत माझ्यासारखी एखादी गाडी उभी असेल, तर शनिवारी तिच्या ग्रंथपालांकडे जा आणि सोमवारी तुम्ही काय शिकणार आहात, ते त्यांना सांगा. सातवीच्या सरांसारख्या कुणाला वेळ मिळेल म्हणून वाट बघत बसू नका.