तांबडी बाहेर आहे

‘आपल्या चौकशीबद्दल आभारी आहे’ एवढंच वाक्य नोएमीने पुन्हा एकदा पुसलं आणि खुर्ची मागे ढकलून ती उठली. खिडकीपाशी गेली, परत आली, बसली. पडद्यावर येन्स मान्सिया नावाच्या माणसाचं पत्र तसंच उघडं होतं.

पत्र ब्रेमेनहून आलं होतं, जर्मनमध्ये. वडील रुपेर्तो, मूळचे तुमच्याच चिलोए बेटाचे. तरुणपणी जहाजावर चढले ते इकडेच राहिले. मागच्या आठवड्यात मेंदूला झटका आला आणि जर्मन पार पुसली गेली. उरली ती स्पॅनिश, जी त्यांनी घरात कधी काढलीच नव्हती. दिवसभर एकच काहीतरी बोलतात आणि खाटेवरून उतरायला धडपडतात. आज संध्याकाळपासून त्यांना औषध देऊन बांधून ठेवणार आहेत. फोनवरच्या भाषांतर करणाऱ्या यंत्राने ‘लाल बाई बाहेर आहे’ असा अर्थ सांगितला. तेव्हापासून आई त्यांच्या खोलीत जात नाही. सोबत त्यांच्या बोलण्याचा नमुना जोडला आहे. दर आणि मुदत कळवावी. आणखी दोघा भाषांतरकारांना विचारलं आहे.

“अजून उत्तर नाही गेलं?” एल्विराने स्वयंपाकघरातून विचारलं. मिल्काओच्या भाकऱ्यांसाठी ती बटाटे किसत होती. “तू ‘आभारी आहे’ लिहीपर्यंत ते दोघे काम उरकून मोकळे होतील.”

“ताई, जरा गप्प बस ना.”

“मी गप्पच आहे. तो म्हाताराच बोलतोय सकाळपासून.”

ते खरं होतं. दर ठरल्याशिवाय नमुना ऐकायचा नाही, हा नोएमीचा शिरस्ता. सामन माशांच्या कारखान्यांतली जर्मन यंत्रं, त्यांच्या माहितीपुस्तिका, करारनामे यांच्या भाषांतरात तिची इतकी वर्षं गेली होती. फुकटात अर्थ काढून घेऊन गायब होणारे तिने पुष्कळ पाहिले होते. आज मात्र तिने पत्र पुरतं वाचायच्या आधीच तो आवाज ऐकला होता, आणि मग पुन्हा पुन्हा.

तिने परत कळ दाबली. श्वास लागलेला, घोगरा आवाज. शहरात आता कुणी बोलत नाही असं बेटावरचं बोलणं.

“तांबडी बाहेर राहिली. भरती येतेय. कुणीच गेलं नाही का गं तिला आणायला?”

“गाय आहे,” एल्विरा म्हणाली. हात तसेच ओले घेऊन ती दारात आली होती. “ओहोटीला किनाऱ्यावर चरायला सोडलेली. आपल्याकडे नव्हती का?”

“तांबड्या केसांच्या बाईलाही तांबडीच म्हणतात. धाकट्या मावशीला काय म्हणायचे?”

“मावशीला भरतीत कोण सोडेल?”

नोएमी कळफलकाकडे वळली. तिने लिहिलं, ‘तांबडी ही गाय आहे.’ पुसलं. ‘तांबडी ही बहुधा गाय असावी.’ तेही पुसलं. जे ऐकू आलं तेवढंच द्यायचं, आपलं काही घालायचं नाही, यावर तिने आजवर पोट भरलं होतं. ‘बहुधा’ या शब्दाने येन्सच्या आईचं काय होणार होतं, तेही तिला दिसत होतं.

खिडकीखाली, समुद्रात रोवलेल्या घराच्या खांबांवर पाणी आपटत होतं. तिकडे ब्रेमेनला दुपार उलटून गेली असणार.

ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि भराभर लिहीत सुटली. अभिवादन नाही, दर नाही, मुदत नाही. ‘ती त्यांची गाय आहे, आईंना सांगा. किनाऱ्यावर राहिली आहे आणि पाणी चढतंय, म्हणून ते उठतात. त्यांना अडवू नका, सांगा की ती आत आली.’ त्याखाली तिने ते स्पॅनिश वाक्य येन्सला वाचता येईल अशा बेताने जर्मन वळणाने लिहिलं. ‘हळू म्हणा. हात धरून म्हणा.’

पत्र गेलं. एल्विराने तिच्याकडे पाहिलं.

“आणि पैसे?”

“विसरले.”

“तू? विसरलीस?”

मग वाट पाहणं. नोएमीने चहा ठेवला आणि तो उकळून आटला. जुन्या कामाचं पान उघडलं, मिटलं. बटाटे पिळायला म्हणून बसली तर एल्विराने फडकं हातातून काढून घेतलं. “अगं, पीठच करशील त्याचं.”

उत्तर आलं तेव्हा त्यात एक ओळ आणि आवाजाची फीत होती. ‘झोपले. बांधावं लागलं नाही. शेवटी काय म्हणाले? आई माझ्या शेजारी उभी आहे.’

फितीत आधी येन्सचा आवाज होता, प्रत्येक शब्दाला ठेचकाळणारा: तांबडी आत आली, बाबा. मग बराच वेळ नुसता श्वास. मग म्हातारा, एकदम मऊ.

“आली? देव पावला. केस पूस तिचे. माझा स्वेटर घाल तिला, गारठून गेली असेल पोरगी.”

एल्विराच्या हातातून पाणी ठिबकत होतं. दोघींपैकी कुणीच फीत पुन्हा लावली नाही.

नोएमीने कळफलक जवळ ओढला. ‘ते म्हणाले, देव पावला. तिला पुसून कोरडी करा, गारठली असेल.’

“आणि स्वेटर?” एल्विराने हलकेच विचारलं.

पत्र गेलेलं होतं. लगेचच ब्रेमेनहून ओळ आली: ‘आई हसतेय आणि रडतेय. आत जाऊन त्यांच्याजवळ बसली आहे. गायीवर इतका जीव, म्हणते, आणि मला कधी सांगितलं नाही.’

नोएमीने ती वाचली. खुर्ची सोडून ती उठली आणि पुन्हा खिडकीशी जाऊन उभी राहिली.