पिवळी नळी

कुंकवाचा एक ठिपका, पिवळ्या माउथपीसच्या रबरावर, वाळून कडा उडालेला — आणि शेजारी झेंडूची एक पाकळी, बटणाच्या फटीत अडकलेली. संध्यानं ती नखानं उकरून काढली, आणि काढता काढता तिच्या लक्षात आलं की पिवळी नळी भलत्याच बाजूनं येते आहे.

उजव्या कुशीखालून यायला हवी होती. तोंडातली काळी नळी उजव्या खांद्यावरून, तिच्या खालून ही पिवळी, पाण्याखाली जोडीदाराची हवा संपलीच तर त्याच्यासाठी राखलेली. डावीकडे जॅकेट फुगवायची नळी आणि हवेचा काटा. इथं सगळं आरशात पाहिल्यासारखं. सिलिंडरच्या तोंडावर बसणारा, सगळ्या नळ्या ज्यातून निघतात तो रेग्युलेटरचा गड्डा कुणीतरी पालथा बसवला होता... आणि कुणीतरी कशाला म्हणायचं, घरात माणसं दोनच.

परवा खंडेनवमी झाली. शेखरनं पाटावर सिलिंडर उभा केला, सुरी-कात्री-पान्याच्या मधोमध. तिनं जोडून ठेवलेलं त्याला पूजेत बरं दिसेना. पिवळी नळी पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला हवी, म्हणजे फोटोत शोभते. गड्डा सोडवला, फिरवला, आवळला, हार घातला. आणि ती पुऱ्या तळत असताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "जरा नीट केलंय ग."

नीट. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं तिची किती कामं नीट केली... डबे उंचीनं लावले, तिच्या पर्समधल्या गोळ्या तारखेनं लावल्या, साडीच्या घड्या मोडून परत घातल्या — एकदा तर तिनं सकाळी सांगितलेलं स्वप्न त्यानं दुपारपर्यंत दुरुस्त करून परत सांगितलं, आणि ते इतकं सुबक होतं की तेव्हापासून तिला तेच आठवतं, मूळचं गेलं. खोटं वाटेल कुणाला. वाटू दे. पण ही नळी माझी होती. ह्या एका वस्तूची जागा मी ठरवली होती, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा हात नेऊन.

समोर गंगापूर धरणाचं मागचं पाणी, चहात दूध जास्त पडावं तसं. आज शोधपथकाचे गेणूभाऊ दोघांची परीक्षा घेणार होते. खाली गेल्यावर डोळ्यांवरच्या काचा झाकायच्या, शेखरनं हवा संपल्याची खूण करून आपला माउथपीस काढायचा आणि चाचपत संध्याची पिवळी नळी घ्यायची. जमलं, तर गोदावरीत बुडालेल्यांना शोधायला दोघं पाण्यात. नाही जमलं, तर काठावर दोर धरायचा. गेल्या विसर्जनाला तिनं दोर धरला होता... हातांना वळ आणि पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते कळत नाही.

"झालं का ग?" शेखर पायात फिन चढवत होता.

"होतंय."

"देऊ का बघून?"

"नको."

"बघू दे की," गेणूभाऊ दगडावरून म्हणाले. "आमची मंडळी मला कमरेला दोर बांधून सोडायची. एकदा वर ओढलं तर मी गाढ झोपेत, अन उशाला मरळ मासा. तिनं मला ठिवला बाजूला अन माशाचं कालवण केलं. लय रागीट बाई."

शेखर हसला. संध्या हसली नाही. तिच्या डोक्यात एक चित्र आलं आणि ते जाईना — गढूळ अंधारात शेखरचा हात, तिच्या उजव्या कुशीत शिरणारा, आणि तिथं काहीच नाही. एक क्षण. त्याच्या जीवाला काही होणार नाही, गेणूभाऊ शेजारीच असतील. पण तो एक क्षण त्याला कळेल, आपण नीट करून ठेवलेल्या घरात वस्तू शोधताना कसं होतं ते. काही करायचंच नाही. असंच पाठीवर घ्यायचं आणि उतरायचं. परीक्षा जाईल. जाऊ दे... जाऊ दे का?

"शेखर," ती म्हणाली, "खाली हवा संपली तर हात कुठं घालशील?"

त्यानं मानसुद्धा वर केली नाही. "तुझ्या उजव्या कुशीत. दुसरं कुठं? झोपेतसुद्धा घालीन."

स्वतःच्या हातानं फिरवून ठेवलंय आणि ह्याला आठवतसुद्धा नाही. इतकी खात्री. आणि ती खात्री त्या गड्ड्यावर नव्हतीच, पाटावरच्या फोटोवरही नव्हती — ती तिच्यावर होती, तिच्या एका कुशीवर, जी तो न पाहता सांगत होता. ह्याचा राग जास्त आला. नुसता गाढव असता तर सोपं होतं.

तिनं गड्ड्याचा स्क्रू धरला. हलेना. वाटलं, ह्यानं हेही पिळून ठेवलंय — मग ध्यानात आलं, मघाशी तपासायला सिलिंडर उघडून नळ्यांत हवा तिनंच सोडली होती. आत दाब असेपर्यंत स्क्रू सुटत नाही. तिनं सिलिंडर बंद केला, पिवळं बटण दाबलं. नळी फुसकारली, कुंकवाचा ठिपका उडाला. फुसकारा संपला तरी तिचा अंगठा बटणावरच.

"संध्या, उतरायचंय ना?"

स्क्रू आता बोटात सैल फिरत होता, दोन्हीकडे सारखाच; गड्डा सरळ करायचा की तसाच पुन्हा आवळायचा, ते तिनं ठरवायचं. राग तसाच होता... फक्त आता तो तिच्या हातात होता, आणि त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता.