गंधकाची ज्योत

बिट्टीच्या आईने टोपलीच्या झाकणावर गुडघा टेकवला आणि दोरी आवळली. तेवढ्यात फटीतून बोक्याचा पंजा बाहेर आला आणि तिच्या मनगटावर ओरखडा उठला.

"बघितलंत बाई? जाता जातासुद्धा गुण उधळतोय. आता बहिणीकडे पोचवते, कायमचा. रात्रभर हिच्या उशीवर लोळत होता मेला. डॉक्टर म्हणाले, घरात केस, धूळ काही नको. मीच डोळेझाक केली हो. माझ्या चुकीने पोर हातची जात होती."

विज्ञानाच्या बाईंनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. पलंगावर टेकून बसलेली बिट्टी टोपलीकडे बघत होती. बोक्याचं नाव लाटसाहेब, कारण उशीशिवाय त्याला झोप येत नसे.

काल वर्गात अधातूंचा धडा होता. ऑक्सिजनच्या बरणीत कोळसा लखलखून जळला, पोरं खूश झाली. गंधकाची ज्योत उजेडात खुलत नाही म्हणून बाईंनी खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले. धूर ओढणारा पंखा बंद पडलेला होता, पण चिमूटभर गंधकाने काय होतंय! चमच्यातला गंधक पेटवून बरणीत सोडला आणि निळीजांभळी ज्योत अशी फुलली की मागची बाकं ओरडली, "बाई, आम्हाला दिसत नाही!" वाहवा ऐकायची चटक वाईट. बाईंनी जळता चमचाच बाहेर काढून उंच धरला. गंधकाच्या या धुराने ओला निळा लिटमस कागद लाल होतो, असं त्या फळ्यावर लिहीत होत्या, तोवर पहिल्या बाकावर बिट्टीची छाती शिट्ट्या मारू लागली होती. तिला दमा आहे हे त्यांना ठाऊक होतं. हुशार म्हणून पुढे बसवलं होतं त्यांनीच.

डॉक्टरांना मात्र त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "बसल्या बसल्या धाप लागली."

"तुम्ही हिला उचलून दवाखान्यात धावलात म्हणून वाचली," आई म्हणाली. "उपकार कसे फेडू?"

सांगायला हवं होतं, आत्ताच. पण नोकरी डोळ्यांपुढे आली. बाईंना स्वतःची शिसारी आली.

"बोक्याला मी नेते," त्यांच्या तोंडून निघालं. "शाळेजवळच राहते. बिट्टीला येता जाता दिसेल तरी."

आईचे डोळे भरून आले. "देवमाणूस आहात बाई."

बाईंनी टोपली उचलली. ती चांगलीच जड होती. त्या दाराशी पोचल्या, तेव्हा मागून बिट्टीचा बसलेला आवाज आला.

"बाई, त्याला कोंडलेलं सोसत नाही. तुमच्याकडे खिडक्या उघड्या ठेवाल ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त विचारत होती.

बाई परत आत आल्या, टोपली जमिनीवर ठेवली आणि खाली बसून दोरीची गाठ सोडू लागल्या.

"अहो, हे काय करताय?" आई म्हणाली.

"तुम्ही जरा बसा," बाई म्हणाल्या.