पहिलं पाऊल बरणीचं

मी एक जुनी बरणी आहे, मित्रांनो. छत्र्यांची नव्हे, तांदळाची. माझ्या तोंडातून या दोन ओल्या छत्र्या वर आलेल्या दिसतात, म्हणून आधीच सांगून टाकलं. छत्र्या अगदी अलीकडच्या. त्याआधी उभ्या आयुष्यात माझ्या पोटात तांदळाशिवाय काही गेलं नाही, आणि माझा तळ कोणी पाहिला नाही. हे मी फुशारकीने सांगते आहे, कारण फुशारकी मारण्यासारखं आता माझ्याकडे तेवढंच उरलं आहे.

माझा जन्म दक्षिण चीनमधल्या फोशानजवळच्या एका भट्टीत झाला. गुडघ्याएवढी उंची, रुंद तोंड, तपकिरी झिलई आणि वर घट्ट बसणारं झाकण. भाजताना झिलईचा एक ओघळ माझ्या पोटावर तसाच गोठला, म्हणून चांगल्या दुकानांनी मला नाकारलं. मी बोटीतून हाँगकाँगला आले आणि शाम शुई पो नावाच्या गरीब वस्तीत एका भांडीवाल्याच्या फुटपाथवर बसले. एके दिवशी एक बाई आली. तिने मला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि शेजारी तोंड वाकडं करून उभ्या असलेल्या आपल्या लेकीला म्हणाली, "ओघळाचं काय घेऊन बसलीस? आवाज बघ कसा खणखणीत आहे. नवऱ्याचा आवाज कितीही चढला तरी चालेल, पण हिचा तळ दिसता कामा नये." ती मुलगी म्हणजे माझी पिंग. तिचं लग्न ठरलं होतं.

आमच्याकडे नव्या घरात पहिलं पाऊल तांदळाच्या बरणीचं. पलंग, चूल, देव, नवरा, सगळे तिच्या मागून. बरणी काठोकाठ भरायची, पोटावर 'सदा भरलेली' असं लिहिलेला लाल कागद चिकटवायचा आणि घरच्या बाईने ती स्वतः उचलून आत न्यायची. एकदा उचलली की वाटेत कुठे टेकवायची नाही. दिवसही पंचांगात बघून ठरवायचा. रिकामी नेली किंवा वाईट दिवशी नेली, तर त्या घरात अन्न टिकत नाही म्हणतात. हसू नका मित्रांनो, तुमच्या घरीही असलं काहीतरी असणारच.

पिंगने मला किती वेळा उचललं! आधी डोंगरउतारावरची पत्र्याची झोपडी. मग गोदीतल्या कामगारांची चाळ, तिचा नवरा तिथे हमाल होता. मग जीन्सच्या कारखान्यामागची खोली, तिथे ती स्वतः शिलाईवर होती. कारखाना सीमेपलीकडे चीनमध्ये गेला, नवरा खोकत खोकत त्याहून पलीकडे गेला, आणि खोल्या लहान लहान होत गेल्या. मालक बदलले, भाडी चढली, "पुढच्या महिन्यात खाली करा" हे वाक्य तर मला पाठ झालं. पण दर वेळी मी पहिली, भरलेली, लाल कागद लावून, पिंगच्या कडेवर. लोक रस्त्यात थांबून म्हणायचे, "वा, काय भारदस्त बरणी आहे!" तेव्हा मला वाटायचं, घर म्हणजे मीच. बाकी नुसत्या भिंती.

शेवटी आम्ही आलो या जुन्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एका घराच्या फळ्या ठोकून खोल्या केलेल्या. आमच्या खोलीत एक पलंग आणि पलंगाखाली मी. पिंग बसली की तिचे गुडघे समोरच्या फळीला लागायचे. खिडकी नव्हती. फळीपलीकडे मोकभाऊ राहायचे, निवृत्त बसचालक, बायको ना मूल, तोंड मात्र दोन माणसांचं. पिंग दिवसभर खाली जिन्याच्या कोपऱ्यात मशीन घेऊन लोकांच्या पॅन्ट आखूड करायची आणि संध्याकाळी वर येऊन भातावर सॉसेज वाफवायची. त्याचा वास फळीपलीकडे गेला की मोकभाऊ खोकायचे. पिंग वाडगा भरून दाराबाहेर ठेवायची आणि म्हणायची, "खोकल्याचं औषध आणलंय, घ्या."

मग नियमाचं वारं आलं. असल्या खोल्या सरकार बंद करणार. खोली पुरेशी मोठी हवी, उघडणारी खिडकी हवी, संडास आणि चूल एका जागी नको. नाहीतर मालकावर खटला. रेडिओवर सारखं तेच. वस्तीतल्या सभागृहात लोकांची मतं ऐकायला सभा ठेवली होती. पिंग केस विंचरून, चांगला ब्लाऊज घालून गेली. परत आली तेव्हा धापा टाकत होती, पण चेहरा उजळलेला.

"काय गं पिंगताई, साहेब लोकांनी चहा तरी पाजला का?" फळीपलीकडून आवाज आला.

"चहा कसला! पाण्याची बाटली दिली. पण बोलू दिलं हो."

"आणि काय दिवे लावलेस?"

"म्हटलं, मला खिडकी हवी. म्हटलं, इतकी वर्षं बाहेर पाऊस पडतोय की नाही, ते मला शेजाऱ्याच्या ओल्या छत्रीवरून कळतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मोकभाऊ! एक बाई तर रडायला लागली."

"टाळ्या! वा! आणि या बिनखिडकीच्या खोल्या बंद झाल्यावर तू झोपणार कुठे, ते विचारलंस का त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना?"

"विचारलं तर."

"मग?"

पिंगने ती पाण्याची बाटली पलंगाखाली सरकवली. मग चप्पल काढत म्हणाली, "तो प्रश्न आजच्या सभेचा नाही म्हणाले."

मोकभाऊ इतके हसले की फळी हलली. पिंगलाही हसू आलं. मला नाही आलं. घर सुटायची चाहूल मला माणसांआधी लागते.

आमची मालकीण याऊबाई दुसऱ्या मजल्यावर राहायची. ती काही राक्षसीण नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. दारातल्या भूमिदेवाला रोज उदबत्ती लावायची, सणाला पिंगला मुळ्याचा केक द्यायची. पण नियम येणार म्हटल्यावर तिने ठरवलं, तपासणीवाले यायच्या आत फळ्या पाडून मोकळं व्हायचं. आमच्याच मजल्यावर रस्त्याच्या बाजूच्या दोन खोल्या जोडून एक मोठी खोली तयार झाली होती, खिडकीसकट. बाकीच्या खोल्याही आता जाणार होत्या. ती वर आली आणि दारातूनच म्हणाली, "पिंग, सगळ्यांत जुनी तू, म्हणून आधी तुला विचारते. भाडं थोडं चढेल. जमत असेल तर उद्या सामान हलव."

"जमवते! डोळे फुटेस्तोवर शिवीन, पण जमवते!" पिंग म्हणाली. याऊबाईची पाठ वळताच तिने माझ्या झाकणावर थाप मारली. "ऐकलंस ना म्हातारे? खिडकी!" मग उशीखालून पंचांग काढलं, चष्मा लावला आणि तिचा चेहरा पडला. आमच्या पंचांगात प्रत्येक दिवसाला आणि वर्षाला एक प्राणी असतो, आणि उद्याचा दिवस बैलाचा. पिंग मेंढीच्या वर्षात जन्मलेली, आणि बैलाच्या दिवसाचं मेंढीशी वैर. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, घर बदलण्यास वर्ज्य. चांगला दिवस थेट पुढच्या आठवड्यात.

ती खाली जाऊन याऊबाईला तसं सांगून आली. याऊबाई म्हणाली म्हणे, "पंचांगाशी कोण भांडणार बाई? थांब तोवर. किल्ली त्या दिवशी सकाळी घेऊन जा." पिंगला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या जागी आमच्यातली कुठलीही बाई असती, तर तिनेही हेच केलं असतं, आणि याऊबाईनेही हेच केलं असतं.

मोकभाऊ मात्र फळीवर बुक्का मारून ओरडले, "अगं खुळे, एवढी चांगली खोली आठवडाभर मोकळी राहते होय? सामान राहू दे, उद्या निदान बरणी तरी तिकडे नेऊन ठेव! बरणी आत गेली की घर तुझं. मग याऊबाईची काय बिशाद आहे तुला बाहेर काढायची?"

"वाईट दिवशी बरणी हलवू? अन्नाला लाथ मारू? पन्नास वर्षं हिचा तळ दिसला नाही, तो मान आता घालवू?"

"तळ दिसला तर भात विकत घेऊन खाशील. घर विकत मिळणार आहे का?"

"तुम्ही गप्प बसा. बायकोशिवाय जन्म काढला, तुम्हाला बरणीतलं काय कळणार!"

मान माझा झाला, मित्रांनो. घर तिचं जात होतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी पिंगने मला ओल्या फडक्याने पुसलं. नवे तांदूळ भरले, अगदी वर येईपर्यंत. ओघळावर लाल कागद नीट चिकटवला. केसांना तेल लावलं. किल्ली आणायला मोकभाऊ दुसऱ्या मजल्यावर गेले होते, पण तिला दम धरवेना. तिने मला कडेवर घेतलं आणि पुढच्या खोलीपाशी आली. दार आतून लावलेलं होतं. आत कोणीतरी हसत होतं, भात शिजल्याचा वास येत होता. पिंगने पायानेच दार वाजवलं.

एका तरुण मुलीने दार उघडलं. मागे तिचा नवरा खिडकीला पडदा लावत होता. दोघं काल रात्री, आम्ही झोपल्यावर आली होती.

"कोण हवंय आजी?"

"ही... ही माझी खोली."

"नाही हो आजी, काहीतरी चुकतंय तुमचं. आम्ही रीतसर घेतली आहे." मग तिची नजर माझ्याकडे गेली, लाल कागदाकडे गेली, आणि तिला कळलं. तिचीही आई कुठेतरी होतीच की. तिचा आवाज खाली आला. "जड असेल ना. खाली ठेवा तरी."

"खाली नाही ठेवता येत," पिंग म्हणाली. "आतच ठेवायची असते."

ती तशीच उभी राहिली. मला घेऊन, दारात. तिने मला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. आपण हलकं व्हावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा तळमळले. मागून मोकभाऊ जिना चढत आले, त्यांच्यामागे याऊबाई.

"मी नाही म्हटलं होतं का तुला?" याऊबाई लांबूनच म्हणाली. "आधी उद्याच ये म्हटलं होतं ना? मग थांब म्हटलं खरं, पण तपासणीवाले कधी येतील याचा नेम नाही, खोली मोकळी दिसून चालत नाही. ही दोघं आली, दोघांचे पगार. तुला पंचांग होतं, त्यांना नव्हतं. मी तरी काय करू?" आणि तिने काखा वर केल्या.

मोकभाऊंनी रिकामे हात दाखवले, किल्ली नव्हती. पिंगने मला दाराबाहेरच्या फरशीवर टेकवलं. तिचा सगळा जीव त्या टेकवण्यात गेला. मग तिने त्या मुलीकडे बादली मागितली आणि माझ्यातले तांदूळ तिच्यात ओतायला सुरुवात केली. मुलगी "नको, नको" म्हणत रडायला लागली.

"घे गं," पिंग म्हणाली. "भरलेली बरणी दारात येऊन परत गेली तर नव्या संसाराला बरं नसतं."

शेवटचा दाणा गेला आणि माझा तळ दिसला.

दुसऱ्या दिवशी फळ्या पाडल्या. मोकभाऊ सीमेपलीकडे पुतण्याकडे गेले. सरकारी घराची रांग लांबच लांब, म्हणून पिंगला मिळाला एक पलंग, पलंगावर पलंग रचलेल्या एका घरात, मधल्या थरातला. तिथे खिडकी नाही. पण नव्या नियमात ते बसतं म्हणे, कारण पलंग म्हणजे खोली नव्हे. तिथल्या माणसाने तिला बजावलं, एक पेटी, बाकी काही नाही. मी कुठे मावणार? पिंगने माझं झाकण तेवढं पेटीत घातलं. "घर झालं की झाकण घेऊन येते, मग तुला नेते," ती मला म्हणाली. मग त्या मुलीने मला आत घेतलं, गड्यांच्या घणाखाली फुटू नये म्हणून. मी आत आले ती अशी. दिवस कुठला होता, कोणी पाहिलं नाही.

पुढे तपासणीवाले आले. खिडकी उघडून पाहिली, बंद करून पाहिली, खूष झाले. एकाने मला टिचकी मारली. "छान जुनी वस्तू आहे," म्हणाला. "नियमाचा फायदा बघा, लोक आता माणसांसारखे राहायला लागले." मला बोलता आलं असतं, तर मी त्याला विचारलं असतं, कोणते लोक?

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही नियम करतील. जरूर करा. खिडकी हवीच, माझ्या पिंगनेच ती मागितली होती. पण भिंत पाडण्याआधी भिंतीआड बसलेल्या म्हातारीला विचारा, तुझी बरणी उद्या कुठे ठेवणार. आणि तो प्रश्न आजच्या सभेचा नाही, असं तिला सांगू नका.

पिंग अजून आलेली नाही. मला दाराजवळ ठेवलं आहे, खिडकी त्या टोकाला, पडद्याआड. बाहेर पाऊस पडतोय की नाही, ते मला या दोन छत्र्यांवरून कळतं.